डिकी कोणी कापली?



पत्रिकेवर विषय छापलाय ‘मोटारींची नवी मॉडेलं’. मॉडेलांची यादी तुमच्या नातवंडांना माझ्याहून जास्त पाठ आहे. मला एकच सांगायचंय : आपल्याकडे मोटारीचा आकार डिझायनर ठरवत नाही, अर्थखातं ठरवतं.

२००६च्या बजेटनं छोट्या गाडीचं माप ठरवलं. लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५००पर्यंत, की अबकारी कमी. झालं! २००८मध्ये टाटांनी इंडिगो आखूड करून ‘सीएस’ आणली. मारुतीची डिझायर आधी ४१६० मिलिमीटर होती, २०१२मध्ये ३९९५ झाली. माणसांचे गुडघे कापता येत नाहीत, इंजिन कापता येत नाही. मग कात्री कुठे लागणार? डिकीला! (हशा)

खात्री करायला मी टेप घेऊन शोरूममध्ये गेलो. तिथला मुलगा म्हणाला, “काका, बसेल तुमच्या पार्किंगमध्ये.” मी म्हटलं, “पार्किंग नाही रे, कर मोजतोय.” त्यानं मॅनेजरला बोलावलं, मॅनेजरनं चहा मागवला. तोवर आमच्या सौभाग्यवती डिकीत डोकावून गावाहून येणारं आंब्यांचं खोकं आडवं बसेल का ते बघत होत्या. दुसऱ्याच एका गिऱ्हाइकानं टेपचं टोक धरलं आणि वाद पेटला, बंपर धरायचा की सोडायचा? (हशा) धरायचाच असतो! भरलं ३९९५. चार मीटरला पाच मिलिमीटर कमी.

आता जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५पासून या मापात बसणाऱ्या गाडीला १८ टक्के, न बसणारीला ४०. बोटभर लांबी वाढली की बावीस टक्क्यांची उडी.

मागून कुणीतरी ‘ब्रेझा’ म्हणालं. आलं ऐकू! ब्रेझाही ३९९५च, तरी कर ४० टक्के, कारण पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं. कबूल. पण म्हणून माझं म्हणणं खोटं ठरत नाही. २०१६मध्ये ती आली तेव्हा तिचं डिझेल १२४८ सीसीचं होतं, सवलतीत चोख बसणारं. २०२०मध्ये डिझेल गेलं, सवलत गेली, आखूड सदरा तेवढा अंगावर राहिला. हा तर माझाच पुरावा झाला, साहेब!

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे जपानच्या केई गाड्या, ३.४ मीटर आणि ६६० सीसी, सोडून द्याव्या लागणार.

पण महिंद्रांची गोष्ट सोडणार नाही. तेव्हा महिंद्रांच्याच ताब्यात असलेल्या कोरियाच्या सँगयाँगची तिवोली साधारण ४.२ मीटरची. तिच्यावरून इथं २०१९मध्ये एक्सयूव्ही ३०० निघाली, ती ३९९५. त्याच गाडीवर बेतलेली इलेक्ट्रिक एक्सयूव्ही ४०० आली २०२३मध्ये, ४२०० मिलिमीटर! इलेक्ट्रिकला कर पाच टक्के, लांबी कितीही असो. कापलेलं परत जोडलं. इथून जवळच, चाकणला होणारी एक्सईव्ही ९ई तर पावणेपाच मीटरच्याही पुढे गेली आहे.

तेव्हा माझी मागणी साधी आहे : टेप बाजूला ठेवा, वजनकाटा आणा. जी गाडी जड, तिला कर जास्त. बॅटरीची गाडी सर्वांत जड असते, हे मला ठाऊक आहे. प्रश्नोत्तरांत तुम्ही तेच विचारणार आहात. विचारा.