समुद्र आपल्यापासून लांब नाही



शिरड शहापुरात उभं राहून समुद्राच्या गोष्टी सांगतोय, म्हणून हसू नका.

गोव्यातल्या दिवाडी बेटावर ‘तारिणी’ ही ५६ फुटी शिडाची नौका बांधली गेली. १० सप्टेंबर २०१७ ला नौदलाच्या सहा महिला अधिकारी तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या. शेवटी मॉरिशस बेटावर थांबून २१ मे २०१८ ला त्या गोव्यात परतल्या. नौकेच्या प्रमुख वर्तिका जोशी ऋषिकेशच्या, प्रतिभा जामवाल कुलूच्या. दोघी डोंगरातल्या! त्यांना तयार केलं दिलीप दोंदे यांनी. एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय.

भूगोलाचा तास आठवा. मॉरिशसकडचे आग्नेय व्यापारी वारे विषुववृत्त ओलांडून वळतात आणि नैऋत्य मोसमी वारे होतात. ज्या वाऱ्यावर त्या बेटांमधली शिडं चालतात, त्याच वाऱ्याची वाट आपण पेरणीसाठी पाहतो.

म्हणून गुरुजनांना एकच विनंती. आपल्या शाळेतली एखादी मुलगी म्हणाली, “मला नौदलात जायचंय,” तर तिला समुद्र किती लांब आहे ते सांगू नका. नकाशा काढून वाट दाखवा.