वजन कोणाचं उतरेल, हे आधी सांगता येतं का?

(युवा शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



मुलांच्या ओपीडीत एक वाक्य मी नेहमी ऐकते. पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन आई येते आणि त्याच्यासमोरच म्हणते, ‘‘डॉक्टर, याचा जिभेवर ताबाच नाही. याचं वजन काही उतरायचं नाही.’’ मुलगा मान खाली घालून बसतो. उपचार सुरू होण्याआधीच घरच्यांनी निकाल लावलेला असतो. आज मी या निकालाबद्दलच बोलणार आहे. लठ्ठपणाच्या उपचाराचा उपयोग कोणाला होईल, हे आधी सांगता येतं का?

काही थोड्या मुलांबाबत सांगता येतं. १९९७ साली इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी पाकिस्तानी वंशाच्या एका कुटुंबातली दोन मुलं तपासली. मुलगी ८ वर्षांची, वजन ८६ किलो. तिच्या नात्यातला मुलगा २ वर्षांचा, वजन २९ किलो. अशा घराला लोक काय बोलतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. तपासणीत निघालं वेगळंच. शरीरात चरबीचा साठा पुरेसा आहे, हा निरोप मेंदूला देणारं लेप्टिन नावाचं संप्रेरक त्यांच्यात जवळपास नव्हतंच. एकाच जनुकातला दोष आईवडील दोघांकडून आला होता. नात्यातल्या लग्नांमुळे अशी शक्यता वाढते, हेही आपण मोकळेपणाने बोललं पाहिजे. पुढे त्या मुलीला लेप्टिनची इंजेक्शनं दिली. भूक आटोक्यात आली आणि वर्षभरात सुमारे १६ किलो वजन उतरलं. मुलगी तीच होती, घरही तेच होतं.

पण असा एका जनुकाचा दोष फार थोड्यांत सापडतो. बाकीच्यांचं काय? २०२२ साली सेमाग्लुटाइड या औषधाची १२ ते १७ वर्षांच्या २०१ मुलामुलींवरची चाचणी प्रसिद्ध झाली. आहार-व्यायामाचा सल्ला सगळ्यांनाच होता. ६८ आठवड्यांनी औषध घेणाऱ्या शंभरातल्या ७३ जणांचं वजन किमान ५ टक्के उतरलं, ३७ जणांचं २० टक्के किंवा त्याहून जास्त. २७ जणांचं मात्र ५ टक्केही उतरलं नाही. आणि नुसतं दिखाऊ इंजेक्शन मिळालेल्यांतही शंभरात १८ जणांनी ५ टक्क्यांचा टप्पा गाठला. वय, सुरुवातीचं वजन, घरची परिस्थिती पाहून एखादा मुलगा यातल्या कोणत्या गटात जाईल, हे कोणताही डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मग आधार कशाचा घ्यायचा? सुरुवातीच्या काही आठवड्यांचा. तेव्हा शरीर कसा प्रतिसाद देतं, त्यावरून पुढचा बराच अंदाज येतो. म्हणून अमेरिकेत लिराग्लुटाइड या औषधासाठी मुलांबाबत नियमच आहे: पूर्ण मात्रेवर १२ आठवडे झाल्यावर बीएमआय किमान १ टक्का उतरला नसेल, तर ते औषध थांबवा. थांबवायचं ते औषध, मुलावरचे प्रयत्न नव्हेत. एक उपाय लागू पडला नाही, तर दुसरा शोधायचा.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ साली सांगितलं की ३ ते १२ महिन्यांत किमान २६ तास मुलाला आणि कुटुंबाला समोरासमोर मार्गदर्शन मिळावं. आपल्याकडे काय मिळतं? पाच मिनिटं आणि ‘भात बंद कर’ हा सल्ला. एवढ्यावर वजन उतरलं नाही, तर मुलाला आळशी ठरवायचं!

तुमच्यापैकी कोणी या त्रासातून जात असेल, किंवा घरात धाकटं भावंडं असेल, तर तीन गोष्टी करा. जाहिरात पाहून मेडिकलमधून इंजेक्शन आणू नका. डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारा, ‘‘तीन महिन्यांनी आपण काय तपासणार, आणि फरक नसेल तर पुढे काय करणार?’’ अगदी लहानपणापासून वजन झपाट्याने वाढत असेल आणि भूक भागतच नसेल, तर जनुकीय तपासणीबद्दलही विचारा.

आणि त्या मुलासमोर ‘याचं काही व्हायचं नाही’ असं कोणी म्हणालं, तर तिथल्या तिथे अडवा. तो निकाल द्यायचा अधिकार आपल्या कोणालाच नाही.