डोंगरची सालई : औषध घ्या, झाड राखा



आपल्या जिल्ह्यात सातपुड्याच्या उतारावर, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत, तसेच बोथ्याच्या ज्ञानगंगा जंगलात सालईचे झाड आपण सर्वांनीच पाहिले आहे. मुरमाड, खडकाळ जागी, जिथे दुसरे काही तग धरत नाही, तिथे सालई उभी असते. राखी-हिरवट साल, तिचे कागदासारखे पापुद्रे निघतात. पाने कडुनिंबासारखी, फांदीच्या टोकाला दाट. मोवईशी गल्लत होते, म्हणून खूण ध्यानात ठेवा : सालईच्या पानाची कडा करवतीसारखी, मोवईची सरळ असते.

आयुर्वेदात हिला शल्लकी म्हणतात. खोडातून निघणारा सुवासिक डिंक, म्हणजे सालई गुग्गुळ, हेच खरे औषध. जुनी माणसं हा डिंक कोमट पाण्यात उगाळून सुजलेल्या गुडघ्यावर, मुरगळलेल्या घोट्यावर लेप देतात. सालीचा काढा हगवणीवर देण्याची रीत आहे. सायंकाळी घरात धूप घालतात.

यात तथ्य किती? नागपूरच्या डॉक्टरांनी गुडघेदुखीच्या 30 रुग्णांवर सालईच्या अर्काची पारख केली आणि ती 2003 साली प्रसिद्ध झाली. दुखणे कमी झाले, गुडघा जास्त वाकू लागला, चालणे वाढले. मात्र एक्स-रेमध्ये सांध्याची झीज होती तशीच राहिली. म्हणजे आराम पडतो, झीज भरून येत नाही. शिवाय ती दवा मोजून केलेल्या कॅप्सूलची होती. जंगलातला कच्चा डिंक आपल्या मनाने पोटात घेऊ नये. गरोदर बाईने तर मुळीच नाही. लेकराला हगवण लागली तर काढ्यावर विसंबू नका, जलसंजीवनी पाजत दवाखाना गाठा. बाळंतिणीच्या बंद खोलीत धूर कोंडू नका, बाळाच्या छातीला तो बाधतो.

आता झाडाविषयी. बऱ्हाणपूरजवळच्या नेपानगर कारखान्यात वृत्तपत्राच्या कागदासाठी सालईचे लाकूड पूर्वी फार गेले. आता भीती आहे ती डिंकासाठी घातलेल्या खोल घावांची. कुऱ्हाडीचा घाव लाकडापर्यंत गेला की तिथे कीड आणि कुज शिरते, आणि दोन-चार वर्षांत झाड वाळते. मग डिंकही गेला आणि मजुरीही गेली.

म्हणून एवढे पाळा :

1. खोडाचा घेर 90 सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर त्या झाडाला हात लावू नका.
2. वरची साल तेवढी हलक्या हाताने तासा, लाकूड उघडे पाडू नका.
3. पावसाळ्यात डिंक काढू नका. एकदा काढला की झाडाला काही वर्षे विसावा द्या.
4. अंबाबरवा आणि ज्ञानगंगा ही 1997 पासून अभयारण्ये आहेत. तिथून काहीही आणण्याआधी वनविभागाला विचारा.

सालई लावणे सोपे आहे. पावसाळ्याच्या तोंडावर मनगटाएवढी जाड, दीड-दोन मीटर लांब फांदी बांधावर खोचा. माती घट्ट दाबा, म्हणजे तिला मुळ्या फुटतील. पहिली दोन वर्षे गुरांपासून राखा. पडीक मुरमाड तुकडा असेल तर तिथेच लावा, काळी जमीन पिकाला ठेवा. डिंक मिळायला बरीच वर्षे लागतील, पण कुंपण लगेच होईल, आणि पुढच्या पिढीला औषधासाठी डोंगर धुंडाळावा लागणार नाही.