स्वागताध्यक्षीय भाषण : धातुकाचेतील बळ आणि तन्यता

वितळलेला मिश्रधातू इतक्या झपाट्याने थिजवला की अणूंना स्फटिकाची शिस्तबद्ध मांडणी करण्यास उसंतच मिळत नाही, तर जो घन पदार्थ हाती येतो त्यास धातुकाच म्हणतात. तो बळकट असूनही तन्य, म्हणजे न तुटता ताणला जाणारा, कसा करावा हा या परिषदेचा विषय आहे.

१९६० साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत पोल ड्यूवेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोने-सिलिकॉनचा मिश्रधातू सेकंदाला सुमारे १० लाख अंश या वेगाने थंड करून पहिली धातुकाच मिळवली, परंतु ती पातळ पापुद्र्यापुरतीच राहिली. १९९३ मध्ये पेकर आणि जॉन्सन यांनी झिर्कोनियम, टायटॅनियम, तांबे, निकेल व बेरिलियम यांच्या मिश्रणातून सेंटिमीटरभर जाडीचे ठोकळे ओतले, आणि तेव्हापासून यंत्रभागांची भाषा सुरू झाली.

स्फटिकी धातू वाकतो तो त्यातील डिस्लोकेशन नावाचे रेषीय दोष सरकतात म्हणून. धातुकाचेत असे दोष नसल्याने झिर्कोनियमप्रधान काच १.९ गिगापास्कलच्या आसपास ताण सोसते व सुमारे २ टक्के ताणली जाऊनही मूळ आकारावर येते. मात्र ही मर्यादा ओलांडताच सारे विरूपण १० ते २० नॅनोमीटर जाडीच्या कर्तनपट्ट्यात एकवटते, तो पट्टा मऊ पडतो आणि तुकडा जवळजवळ एकाएकी तुटतो. बळ येथे रचनेबरोबर आपसूक येते, आणि संशोधकाचे खरे काम तन्यतेपासून सुरू होते.

त्यासाठीचा एक मार्ग प्वासाँ गुणोत्तराचा आहे. ताणलेला पदार्थ आडवा किती आक्रसतो हे सांगणारे हे गुणोत्तर सुमारे ०.३२ च्या वर असलेल्या काचा चिवट असतात, असे २००५ मध्ये दाखवण्यात आले, पण ०.४२ पर्यंत पोचणारी काच प्लॅटिनमची, त्यामुळे कारखानदाराला तिचा उपयोग बेताचाच. दुसरा मार्ग अधिक फलदायी दिसतो. हॉफमन, जॉन्सन व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये काचेच्या पोटातच मऊ स्फटिकांच्या फांद्या वाढवल्या आणि अर्धवट वितळलेल्या अवस्थेत तापमान राखून त्या जाड केल्या, जेणेकरून दोन फांद्यांमधील अंतर भेगेच्या टोकाशी होणाऱ्या विरूपणक्षेत्राच्या मापाशी जुळावे. पट्टा भेग होण्याआधीच फांदीपाशी अडतो आणि शेजारी नवे पट्टे उमटतात. परिणामी ताणाखाली १० टक्क्यांहून अधिक तन्यता मिळाली, जरी त्यासाठी बळाचा काही भाग सोडावा लागला.

कर्तनपट्टे दाबाखाली सहज आवरले जातात आणि बारीक नमुना मोठ्यापेक्षा तन्य भासतो. म्हणून प्रत्येक निबंधवाचकाने तन्यतेच्या आकड्यासोबत तो ताणाचा की दाबाचा, आणि नमुना किती जाड होता, हे आवर्जून नमूद करावे, अशी स्वागत समितीची विनंती आहे.