विक्रोळीच्या लिलियनबाई

१९६१ साली अमेरिकेच्या पीस कोअरचे पहिले स्वयंसेवक पश्चिम आफ्रिकेत, घानात उतरले. पाच वर्षांनी त्याच संस्थेतून ६८ वर्षांच्या लिलियन कार्टर आपल्या महाराष्ट्रात आल्या. पेशाने परिचारिका. येण्याआधी शिकागोत मराठीचे धडे गिरवलेले! विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत त्या राहिल्या, दवाखान्यात राबल्या, कुष्ठरुग्णांची सेवा केली. तिथल्या एका माळ्याच्या लेकीला त्यांनी लिहायला-वाचायला शिकवलं. माळी त्यांना भाजी आणून द्यायचा. मला यात खरा शेजार दिसतो. आपल्या वाशीमच्या तांड्या-वस्त्यांवर घरोघरी फिरणाऱ्या आशाताईंना तो नवा नाही. १९६८ मध्ये बाई मायदेशी परतल्या. १९७७ साली, मुलगा जिमी अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाल्यावर, विक्रोळीला पुन्हा भेट देऊन गेल्या.