यादी नको, पान उघडा



 थेट भांडणाला येतो.

माझी तक्रार सरकारवर नाही, प्रकाशकांवर नाही आणि मोबाइलवर तर नाहीच. त्या तिघांवर बोलणारे अध्यक्ष दर वर्षी मिळतात. माझी तक्रार या मंडपात बसलेल्या आपल्या सगळ्यांवर आहे.

गावोगावच्या पुस्तक भिशींत आपण दरमहा वर्गणी काढतो. ज्याचा नंबर लागतो तो त्या रकमेतून पुस्तकं घेतो, वाचतो आणि पुढच्या बैठकीत इतरांना त्याबद्दल सांगतो. फार चांगली रीत आहे ही. पण आपण सांगतो काय? सकाळच्या सत्रात मी मागच्या रांगेत बसून ऐकत होतो. ‘मृत्युंजय’, ‘श्रीमान योगी’, ‘ययाति’, ‘व्यक्ती आणि वल्ली’, पुन्हा ‘मृत्युंजय’. ही पुस्तकं मोठी आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण ती एस.टी. स्टँडवरच्या स्टॉलवरही मिळतात. त्यांना तुमच्या-माझ्या शिफारशीची गरज उरलेली नाही. आपण तोंड उघडलं नाही तर जे पुस्तक कुणाच्याच हाती पडणार नाही, त्याची शिफारस करायची असते. बाकी सगळी उजळणी.

हे मी तावातावाने बोलतो आहे, त्याला कारण आहे. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर नवजात मूल मारल्याचा खटला झाला आणि तिला फाशी सुनावली गेली. पुढे शिक्षा कमी झाली, पण वर्तमानपत्रांतून सगळ्याच बायकांच्या चारित्र्यावर चिखलफेक सुरू झाली. ते वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी लेखणी उचलली. ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली पुण्यात छापून निघालं. किंमत नऊ आणे. बायकांवर जे जे दोष लादले जातात, ते एकेक घेऊन ते पुरुषांत किती आहेत हे ताराबाई दाखवत जातात. भाषा घरातली, तोंडावर बोलणारी, मागे न हटणारी. जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. त्यानंतर काय झालं? शांतता. सुमारे नव्वद वर्षं मराठी वाचकांच्या चर्चेत हे पुस्तक नव्हतं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आपल्यापुढे ठेवलं. आज ते अभ्यासक्रमांत आहे, इंग्रजीतही गेलं आहे. मधल्या तीन-चार पिढ्यांतल्या ज्या मुलींना ते हवं होतं, त्यांना ते मिळालं नाही. कुणी ते जाळलं नव्हतं, त्यावर बंदीही नव्हती. कुणी कुणाला सांगितलं नाही, एवढंच घडलं. आपल्याकडे पुस्तकं बहुतेक वेळा अशीच मरतात.

आता दुसरी बाजू ऐका. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे कर्जबाजारी कुटुंबातले भिक्षुक. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा मिळेल, या आशेने १८५७ साली ते काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि सरळ बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी किल्ल्याखालच्या शहरात राहून पाहिला. शहर पडल्यावर लूट कशी झाली, ते त्यांनी ‘माझा प्रवास’ या पुस्तकात क्रमाने सांगितलं आहे: आधी सोनंनाणं, मग तांब्यापितळेची भांडी, मग कापडचोपड, मग धान्य. कोणत्या फौजेने काय उचललं याचीही त्यात नोंद आहे. राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची धूळधाण झाली, त्याबद्दल हा गरीब भिक्षुक घरचं माणूस गेल्यासारखा हळहळतो. पुढे काळपीच्या वाटेवर एका विहिरीपाशी धुळीने माखलेली राणी त्याला भेटते आणि ओंजळीने पाणी पिते. हे पान मी बैठकांत मोठ्याने वाचलं आहे. ज्यांनी राणीवरचे चार सिनेमे पाहिले होते, ती माणसं ते ऐकताना गप्प झाली.

हे पुस्तक आपल्याला मिळालं, कारण चिंतामणराव वैद्यांनी भटजींना हकीकत लिहून काढायला लावली. छापायला मात्र १९०७ साल उजाडलं. राज्य इंग्रजांचं होतं आणि लेखक हयात असेपर्यंत ते बाहेर काढणं धोक्याचं होतं. वैद्यांनी भाषेवर हात फिरवला, मजकूर गाळला. भटजींचं मूळ लेखन दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली प्रसिद्ध केलं. म्हणून ‘माझा प्रवास’ सुचवणाऱ्याने पुढचा प्रश्नही सोडवला पाहिजे: कोणती प्रत वाचायची? माझं मत स्पष्ट आहे. मूळ संहितेची प्रत घ्या. भटजींच्या वाक्यांचा खडबडीतपणा हाच त्यांचा खरेपणा आहे. ‘छान आहे, जरूर वाचा’ एवढं सांगून मोकळा होणारा माणूस शिफारस करत नाही, तो शिष्टाचार पाळतो.

त्याच १९०७ साली मंगळुरात आणखी एक पुस्तक छापलं गेलं. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, मराठी शिकला आणि दहा हजारांहून अधिक ओव्यांत त्याने ख्रिस्तचरित्र लिहिलं. ते १६१६ साली राचोलला रोमी लिपीत छापलं गेलं. सतराव्या शतकात त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या, त्यांतली एकही प्रत आज हाती नाही. १६८४ साली गोव्यातल्या पोर्तुगीज सरकारने इथल्या लोकांच्या भाषेविरुद्ध फर्मानच काढलं. तरी पुराण टिकलं, कारण भाविक कुटुंबांनी ते हाताने उतरून घेतलं, मोठ्याने वाचलं आणि पुढच्या पिढीच्या हाती दिलं. जोसेफ साल्ढाणांनी १९०७ची आवृत्ती अशा हस्तलिखितांवरूनच सिद्ध केली. छापील प्रती गेल्या आणि वाचणाऱ्यांनी उतरलेल्या प्रती राहिल्या. वाचकांच्या मंडळाची ताकद काय असते, याचा मला याहून मोठा पुरावा माहीत नाही.

आता एका आक्षेपाचा समाचार घेतो. तो दरवेळी येतो आणि सुशिक्षित तोंडातून येतो. जुनी पाककृतींची पुस्तकं, शहरांची वर्णनं, धंद्यांच्या नोंदी ही मौज म्हणून ठीक, पण हे साहित्य आहे का? माझं उत्तर असं की तुम्ही कोणत्या कपाटात ठेवता याच्याशी पुस्तकाला कर्तव्य नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांनी १८७५ साली ‘सूपशास्त्र’ लिहिलं. स्वयंपाकाचं ज्ञान तोंडी चालत असताना ते मराठीत छापून आणावं, असं वाटणं हीच केवढी आधुनिक गोष्ट! तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ आहे, सरफोजीराजांच्या मुदपाकखान्याचं मराठी हस्तलिखित. कावेरीकाठी मराठी कशी जगली ते राजवंशाच्या सनावळ्यांतून कळत नाही, ते असल्या पानांतून कळतं. मूळच्या गोव्याच्या गोविंद नारायण माडगांवकरांनी १८६३ साली ‘मुंबईचे वर्णन’ लिहिलं आणि रस्ते, विहिरी, बाजार, सण, गिरण्या, आगगाडी, नाना जातींचे नाना धंदे असं आख्खं शहर त्यात उतरवलं. त्र्यंबक नारायण आत्रे यांचा १९१५चा ‘गावगाडा’ उघडा. बलुतेदाराला कशाबद्दल काय मिळे, फिरस्त्या जमाती गावाच्या शिवारात कशा येत आणि गाव त्यांच्याशी कसं वागे, हे तिथे सापडेल. त्यातली काही मतं आज मला पटत नाहीत आणि ती मी खोडून काढीन. पण त्यासाठी आधी ते वाचलं पाहिजे. ज्या कादंबरीकाराने ‘गावगाडा’ चाळलेला नाही, त्याने खेड्यावर लिहिण्याची घाई करू नये.

ग्रंथपाल मंडळींशीही बोलायचं आहे. एका तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या मागच्या खोलीत मी सुतळीने बांधलेले गठ्ठे पाहिले. निर्लेखनाची, म्हणजे दाखल यादीतून काढून टाकलेली पुस्तकं, रद्दीवाल्याची वाट पाहत असलेली. वरच्या गठ्ठ्यात केतकरांच्या ज्ञानकोशाचा एक खंड होता. कापडी बांधणी शाबूत, पाठीवरची सोनेरी अक्षरं निम्मी उडालेली, दाखल क्रमांक लाल पेन्सिलीने खोडलेला. आत तारखांच्या पट्टीवर अगदी मोजके शिक्के. मी विचारलं, हा का काढला? उत्तर आलं, कोणी नेत नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी लिमिटेड कंपनी काढली, वर्गणीदार मिळवत वणवण केली आणि १९२० ते १९२९ या काळात तेवीस खंड पुरे केले. आणि आपण त्या कष्टांची किंमत तारखेच्या पट्टीवरून ठरवतो! बंद कपाटात ठेवलेलं, कुणी नाव न घेतलेलं पुस्तक कोण नेणार? जागेची अडचण मी जाणतो, अनुदानाचीही जाणतो. तरीही सांगतो, जे पुस्तक पुन्हा मिळणार नाही ते देवघेवीच्या आकड्यावर काढून टाकणं हा गुन्हा आहे. ते आधी आम्हा वाचकांना दाखवा.

आणि संग्राहकांनो, तुमची गय करण्याचं मला कारण दिसत नाही. दुर्मीळ प्रत मिळवायला तुम्ही जिवाचं रान करता, हे मान्य. पण मग ती कुलपात जाते आणि तुमच्या पश्चात वाळवीच्या किंवा रद्दीच्या वाट्याला येते. कायद्याची भीती दाखवू नका. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो. आज ज्यांची नावं मी घेतली, त्यांपैकी ताराबाई, माडगांवकर, गुप्ते, आत्रे, केतकर यांची मूळ पुस्तकं कुणीही छापू शकतो, कुणीही त्यांची पानं टिपून खुली करू शकतो. अडसर कायद्याचा नाही, तुमच्या किल्लीचा आहे.

म्हणून मी या मंचावरून ठराव मांडतो. येत्या वर्षभर प्रत्येक भिशीत दर महिन्याला निदान एक पुस्तक असं सुचवलं जाईल, जे त्या बैठकीतल्या दुसऱ्या कुणीही वाचलेलं नाही. सुचवणारा त्यातलं एक पान मोठ्याने वाचेल, कोणती आवृत्ती घ्यावी ते सांगेल आणि प्रत कुठे मिळते ते भिशीच्या वहीत लिहील. ज्या गावी निर्लेखन होणार आहे, तिथल्या भिशीचे दोन सभासद गठ्ठे बांधण्याआधी जाऊन पुस्तकं पाहतील. ज्यांच्या घरी शंभर वर्षांपूर्वीचं मराठी पुस्तक आहे, त्यांनी त्याचं नाव आणि साल आज संध्याकाळी निघण्यापूर्वी बाहेरच्या टेबलावरच्या वहीत नोंदवावं.

अनुमोदन देणाऱ्यांनी हात वर करावेत. ज्यांचा विरोध असेल त्यांनी आत्ता उभं राहून बोलावं. मी ऐकायला इथेच बसलो आहे.