कापसाची पाच वर्षं



माणूस श्रीमंत कशानं होतो, हा विषय पारावर निघाला की तीन तट पडतातच. एक म्हणतो, नशीब लागतं. दुसरा म्हणतो, हाडाची काडं केल्याशिवाय काही हाती लागत नाही. तिसरा बराच वेळ गप्प असतो आणि शेवटी तपकीर झटकत म्हणतो, दुसऱ्याची मान मुरगळल्याशिवाय माडी चढत नाही बाबा. हा वाद नुसता हवेत घालण्यापेक्षा आपल्याच मुलखातल्या एका हकिकतीवर घासून पाहू. कारण एकदा असं झालं होतं, की नशीब एकाच वेळी हजारो लोकांच्या दारात येऊन उभं राहिलं.

साल १८६१. अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण एकमेकांच्या उरावर बसले आणि दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली. लँकेशायरच्या गिरण्या पाचातले चार हिस्से कापूस तिथूनच आणत, तोही गुलामांनी वेचलेला. तो अडला, गिरण्या बंद पडल्या आणि तिथल्या कामगारांच्या चुली विझल्या. मुंबईत मात्र दिवाळी सुरू झाली. सुरती कापूस एरवी जाडाभरडा म्हणून नाक मुरडून घेतला जाई, त्याचा भाव लिव्हरपूलला चार-पाच पट झाला. मुंबईत लोकांनी गाद्या-उशा उसवून आतला जुना कापूस विकायला काढला. नागपूर-वर्ध्याकडं काही शेतकऱ्यांनी नांगराला चांदीचा फाळ आणि गाडीच्या चाकांना चांदीची धाव बसवल्याचं एका इंग्रज अधिकाऱ्यानं लिहून ठेवलंय. चांदीच्या फाळानं काळी जमीन किती नांगरली गेली असेल, हा भाग वेगळा! पण हौसेला मोल नसतं.

ही सगळी नशिबाची करणी. त्या वर्षी कुणब्यानं जास्त घाम गाळला म्हणून काही भाव चढला नव्हता.

आता मेहनतीकडं येऊ. प्रेमचंद रायचंद, जन्म सुरतेचा, १८३१ चा. मुंबईत इंग्रजी शिकलेले दलाल, आणि त्या काळी इंग्रजी जाणणारा देशी दलाल दुर्मीळच. विलायतेची तार अजून मुंबईला पोचायची होती. लिव्हरपूलचा भाव आगबोटीनं यायचा. बोट धक्क्याला लागायच्या आत प्रेमचंद आपल्या होड्या पुढं पाठवून बातमी काढून घेत, असं सांगतात. बाकीचा बाजार जागा होईपर्यंत यांचे सौदे झालेले. याला मेहनत म्हणा, हुशारी म्हणा, नाहीतर लबाडी म्हणा. मी तिन्ही म्हणेन. पुढं कापसाचा पैसा शेअरांत शिरला. रोज नवी बँक, नवी कंपनी. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅक बे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या घरात गेला, आणि शेअर कुणाला मिळणार हे बरंचसं प्रेमचंदांच्या शब्दावर ठरू लागलं. बँक ऑफ बॉम्बे तर सरकारी भागभांडवल असलेली बँक. तीसुद्धा शेअर तारण ठेवून खुशाल कर्जं वाटत सुटली.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण गेला. कापूस कोसळला. १ जुलैला वायद्यांचा हिशेब करायचा होता. तो दिवस उजाडला तेव्हा मुंबईतल्या भल्याभल्यांचं दिवाळं निघालेलं होतं. प्रेमचंद बुडाले, आणि पुढं १८६८ मध्ये बँक ऑफ बॉम्बेही गुंडाळावी लागली.

प्रेमचंद निर्दय माणूस होते का? मला तसं दिसत नाही. त्यांच्या हाताला धार होती ती दानाची. तेजीच्या काळातच त्यांनी मुंबई विद्यापीठाला लाखांच्या देणग्या दिल्या. आईच्या नावाचा राजाबाई टॉवर त्यातूनच पुढं १८७८ ला पुरा झाला. म्हणजे तपकीर झटकणाऱ्या त्या तिसऱ्या गृहस्थाचं म्हणणं खोटं ठरलं? मला वाटतं, तो शोधत होता ते निर्दयपण माणसात नव्हतंच. तेजीत कोण किती कमावतो यावरून ते कळत नाही. मंदीत नुकसान कुणाच्या अंगावर जातं, तिथं ते दिसतं.

मुंबईचे व्यापारी बुडाले तेव्हा काय झालं बघा. शहरात दिवाळखोरीचं कोर्ट आधीपासून होतंच, पण तेवढ्यानं भागेना. म्हणून त्याच वर्षी, १८६५ मध्येच, खास कायदा करून बुडालेल्यांचे व्यवहार विश्वस्तांमार्फत मिटवायची सोय झाली. टाटांचंही घर त्या लाटेत सापडलं होतं. जमशेदजी तेव्हा लंडनला होते, हातातल्या हुंड्यांचे कागद झालेले. पण तिथल्या धनकोंनी त्यांच्यावर विश्वास टाकला आणि निस्तरायला वेळ दिला. मग १८६८ ला अ‍ॅबिसिनियाच्या मोहिमेत फौजेला रसद पुरवायचा मक्ता वडिलांना मिळाला, मोहीम काही महिन्यांत आटोपली आणि घसघशीत नफा पदरात पडला. म्हणजे एका लढाईनं नेलं ते दुसरीनं दिलं. पुढं १८७७ ला नागपूरची एम्प्रेस मिल उभी राहिली, ती मात्र जमशेदजींच्या अक्कलहुशारीवर आणि कष्टावर. त्याबद्दल दुमत नको. पण बुडाल्यावर पुन्हा डाव मांडायला मिळणं ही चीज केवढी मोलाची असते!

ती पुणे-नगरच्या कुणब्याला मिळाली नाही. हा मुलूख काही कापसाचा नव्हे. पण तेजीत धान्याला भाव होता, रेल्वेच्या कामावर मजुरी होती, सावकार हात सैल सोडून कर्ज देत होता. मंदी आली ती नेमकी सरकारनं जमिनीच्या साऱ्याची फेरपाहणी काढली त्या वेळी. १८६७ ला इंदापुरापासून सुरुवात झाली आणि काही तालुक्यांत सारा निम्म्यानं, कुठं त्याहूनही जास्त वाढला. सारा भरायला कर्ज काढावं लागे, आणि कर्जाची गंमत अशी, की १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं रोखा तीन वर्षांत शिळा होई. कायदा केला होता ऋणकोच्या भल्यासाठी. सावकार काय करी? तीन वर्षं भरत आली की कुणब्याला बोलावून नवा रोखा लिहून घेई. त्यात थकलेलं व्याज मुद्दलात मिसळलेलं, वर मुद्रांकाचा खर्च. ज्याला अक्षर येत नाही तो खाली नांगराची निशाणी करी. शंभराचे दोनशे झाले हे त्याला कळे ते हुकूमनामा घेऊन बेलीफ दारात आला की. शहरातल्या दिवाळखोरीच्या सोयी गावात नव्हत्या. गावात कैद होती आणि जमिनीचा लिलाव होता.

१२ मे १८७५ ला भीमथडीत, सुप्याच्या बाजारात लोक उठले. सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चालून गेले, पण गर्दीचा मुख्य रोख कागदांवर होता. रोखे बाहेर काढून त्यांची होळी केली. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत गावोगाव पसरलं. सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ ला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. कर्जापायी त्याला तुरुंगात टाकणं बंद झालं. व्यापाऱ्यांसाठी काही महिन्यांत जे झालं, त्याला शेतकऱ्यांच्या बाबतीत चौदा वर्षं लागली.

मेहनत म्हणाल तर ती सुप्याच्या कुणब्याइतकी कुणीच केली नव्हती, प्रेमचंदांनी नाही आणि जमशेदजींनीही नाही. आणि तो १८७९ चा कायदा लागू झाल्यावर सावकारही गप्प बसले नाहीत. गहाणखत कोर्टात टिकत नाही असं दिसताच त्यांनी कर्ज देतानाच सरळ खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली.